टाकीखालचं भोक

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात माझं सेक्शन तीन नंबर पोस्टवर चढलं. मी तेव्हा सॅपर्समध्ये हवालदार होतो. आडनाव राणे, घर मुलुंडला, मूळ गाव कणकवलीकडे. काळ ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा. पोस्ट ईशान्येकडच्या डोंगरात होती, याहून जास्त पत्ता देणार नाही. सांगायची आहे ती एका पंपाची गोष्ट, आणि ती मी एका माणसाच्या हुकमावरून सांगतो आहे. तो माणूस फौजेतला नव्हता.

सॅपर म्हणजे इंजिनिअर्सचा जवान. लोकांना वाटतं आम्ही कायम पूल बांधत असतो. खरं म्हणजे वर्षाचे निम्मे दिवस आम्ही बंकरची छपरं घालतो आणि संडासाचे खड्डे खणतो. तीन नंबरवर आम्ही सात सॅपर आणि पंधरा पायदळाचे जवान होतो. पोस्ट कमांडर सुभेदार साहेब गढवालचे, कमी बोलणारे. आमच्याशी त्यांचं हिंदी, आमचं आपसात मराठी.

पोस्ट डोंगराच्या धारेवर होती आणि पाणी दीडशे फूट खाली नाल्यात. सकाळी सहाला चार माणसं, संध्याकाळी चारला चार माणसं, प्रत्येकाच्या पाठीवर जेरीकॅन. पाऊलवाट उघड्या उतारावरून जायची. पाऊस लागला की वरून दगड सुटायचे. म्हणून वाटेवर एक नियम होता. बोलायचं नाही, शिटी वाजवायची नाही, कान वर ठेवायचा. आवाज आला की डावीकडच्या कातळाला चिकटायचं. मे महिन्यात एका जवानाचा खांदा निखळला, दुसऱ्याची दोन बोटं चेचली. सुभेदार साहेबांनी दोन्ही वेळा रजिस्टरमध्ये एकच ओळ लिहिली आणि पेन जरा जोरातच मिटलं.

माझ्या सेक्शनमध्ये नाईक दिगंबर परब होता. वय सत्तावीस, घर नाहूरला. माझं घर शेजारच्या मुलुंडला, त्यामुळे आमचं जमायचं. त्याचे वडील, तात्या परब, गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर ते नाहूरच्याच एका गाळ्यात लेथवर काम करू लागले. दिगंबर भरती होण्याआधी वडिलांच्या हाताखाली तयार झालेला. हातात पाना नसला की तो बेचैन व्हायचा आणि दुसऱ्यांनाही बसू द्यायचा नाही.

पोस्टवर आल्यावर दोन आठवड्यांत त्याने नाल्यावर एक चक्र बसवलं. रेशनच्या डब्यांचे पत्रे कापून पाती केली, भंगारातल्या जीपचा डायनॅमो पट्ट्याने जोडला. वाहत्या पाण्यावर ते फिरायला लागलं आणि वायरलेस सेटची बॅटरी चार्ज व्हायला लागली. आधी त्यासाठी पेट्रोलचा डबा खालच्या कॅम्पमधून खांद्यावर आणावा लागे. बॅटरी नाल्यापर्यंत नेणं-आणणं उरलंच, पण पेट्रोल सुटलं. सुभेदार साहेबांनी चक्राकडे बराच वेळ पाहिलं.

"परब, ये पानी बत्ती देता है, तो ऊपर क्यों नहीं आता?"

"आयेगा साहब," परब म्हणाला.

तो उगाच बोलला नव्हता. पंप त्याच्या काळ्या ट्रंकेत होता. पोस्टवर येण्याआधीच्या रजेत त्याने तो नाहूरच्या गाळ्यात बनवला होता. आधीच्या पोस्टिंगला एका डोंगरी बागेत त्याने असा पंप चालताना पाहिला होता, त्याची मापं घेतली होती. हायड्रॉलिक रॅम म्हणतात त्याला. ना डिझेल, ना वीज. घरातला नळ झटकन बंद केला की पाईप दणका देतो, तो दणका कामाला लावायचा, एवढंच. नाल्याचं पाणी दहा फूट उतारावरून पाईपने खाली आणायचं. खाली एक जड व्हॉल्व्ह असतो. पाण्याला वेग आला की तो आपोआप बंद होतो. अडलेलं पाणी दणका देऊन एका बंद टाकीत घुसतं. टाकीत वर हवा असते, ती दाबली जाते आणि पाण्याला डोंगरावर ढकलते. दाब उतरला की व्हॉल्व्ह स्वतःच्या वजनाने पडतो आणि पुन्हा सुरू. मिनिटाला पन्नास ठोके. बरंचसं पाणी नाल्यात परत जातं, थोडं वर चढतं. पण ते दिवसभर चढतं.

१ जूनला, सकाळी ०९३० वाजता, आम्ही पाईप जोडले. त्या वेळी परबने मला टाकीच्या खालच्या अंगाला एक पितळी ठिपका दाखवला. मुगाच्या दाण्याएवढा, घासून गुळगुळीत केलेला.

"हे काय?"

"इथे मी भोक पाडलं होतं, उस्ताद. बागेतल्या पंपाला होतं, म्हणून. तात्यांनी बघितलं आणि रातोरात पितळाचं ब्रेझिंग करून बुजवलं." तो हसला. "म्हणाले, माझ्या गाळ्यातून गळका माल जायचा नाही."

"कशासाठी होतं ते भोक?"

"माहीत नाही. बागेतल्या माळ्यालाही माहीत नव्हतं."

"मग बुजवलं ते बरंच झालं," मी म्हणालो.

१०१५ वाजता परबने व्हॉल्व्ह पायाने चार-पाच वेळा दाबला आणि पंप स्वतःच्या ठोक्याने चालायला लागला. टक्. टक्. टक्. आम्ही धावत वर आलो. १०४० वाजता पाईपच्या तोंडातून आधी वारा आला, मग करंगळीएवढी धार. सुभेदार साहेबांनी ओंजळ धरली, पाणी प्याले आणि रजिस्टर मागवलं. त्या दिवशी त्यांनी पूर्ण पान लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोक्याचा आवाज बदलला. टक् ऐवजी ठाण्. पाईप हादरायला लागले आणि तासाभरात पंप बंद पडला. परब खाली गेला. टाकी पाण्याने गच्च भरली होती, आत हवेचं नाव नव्हतं. त्याने तळाचा प्लग काढून टाकी रिकामी केली, हवा भरू दिली, पंप चालू केला. दिवसभर चालला. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

टाकीला कुठे बारीक चीर असेल म्हणून त्याने साबणाचं पाणी लावून इंच इंच तपासली. एक बुडबुडा आला नाही. तात्यांचं काम होतं ते. हवा गळत नव्हतीच. ती दाबाखाली पाण्यात विरघळून वर निघून जात होती. हे आम्हाला तेव्हा कळलं नाही.

मग तोच आमचा नेम झाला. रोज ०६१० वाजता परब खाली जाणार, टाकी रिकामी करणार, पंप चालू करून वर येणार. आठ फेऱ्यांच्या जागी एक फेरी. जवान खूष होते. कपडे धुवायला पाणी मिळायला लागलं. स्वयंपाक्याने तर परबचं नाव 'पानीवाला' ठेवलं आणि त्याला चहा दोनदा मिळायला लागला.

परब मात्र खूष नव्हता. नवव्या दिवशी चहा पिताना तो म्हणाला, "उस्ताद, ते पितळ ड्रिल करून बघू का?"

"कशाला?"

"बागेतला पंप कधी बंद पडत नव्हता. त्याला भोक होतं."

"पंपात हवा शिरली की वाट लागते, हे कोर्समध्ये शिकवलं ना तुला?"

"शिकवलं."

"पाईपातली हवा काढायला आपण मरमर मरतो आणि तू भोक पाडतोस? आणि तात्यांनी बुजवलं ते काय उगाच?"

त्याने मगमधला उरलेला चहा ओतून दिला. "तात्यांनी बुजवलंय म्हणजे बरोबरच असणार म्हणा," तो म्हणाला.

हातड्रिल माझ्या टूलबॉक्समध्ये होतं. बारीक बिट होतं. दहा मिनिटांचं काम. मी हवालदार होतो, कोर्सला पहिला आलेला होतो, आणि मी नाही म्हणालो. हे वाक्य मी तेव्हा कुठल्याही रिपोर्टमध्ये लिहिलं नाही, म्हणून इथे लिहितो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस सलग पाऊस पडला. चौथ्या दिवशी उघडला. परब ०६१० वाजता खाली गेला. मी बंकरच्या दाराशी दाढी करत होतो. ०६३५ वाजता खालून ठोके ऐकू आले. टक्. टक्. पंप चालू झाला होता. ०६४० वाजता वरच्या उतारावरून दगड सुटले. आवाज फार मोठा नव्हता. पोतं रिकामं केल्यासारखा होता. तो थांबला तेव्हा ठोकेही थांबलेले होते.

पहाऱ्यावरचा जवान ओरडला. सुभेदार साहेब बाहेर आले.

"राणे, रस्सी लो. चार आदमी."

आम्ही ०६५२ वाजता खाली पोचलो. पंपाची टाकी फुटली होती. परब पंपापासून आठ फुटांवर, वाटेच्या सुरुवातीला होता. कंबरेवर दगड. दगड आम्ही तिघांनी हलवला. तो शुद्धीवर होता. तोंडावर माती होती, ती मी रुमालाने पुसली. वरून वायरलेसवाल्याचा आवाज येत होता.

"अल्फा, धिस इज थ्री. वन कॅज्युअल्टी. स्टोन फॉल. नीड डॉक्टर. ओव्हर."

"थ्री, धिस इज अल्फा. डॉक्टर मूव्हिंग. टू आवर्स. ओव्हर."

"अल्फा, थ्री. टू आवर्स टू लेट. ओव्हर."

"थ्री, अल्फा. मूव्हिंग. आऊट."

परबने माझं मनगट धरलं. "टाकी रिकामी केली, उस्ताद," तो म्हणाला. "चालू झाला होता."

"ऐकला मी," मी म्हणालो.

०७२० वाजता तो गेला. डॉक्टर ०८४५ ला पोचले. रिपोर्टमध्ये मी वेळ, जागा, कारण लिहिलं. दगड कोसळून मृत्यू. तेही खरंच होतं.

अंत्यसंस्कार खालच्या कॅम्पमध्ये झाले. अस्थी घेऊन एक जवान नाहूरला जाऊन आला. माझी रजा सप्टेंबरमध्ये मंजूर झाली. त्याची काळी ट्रंक मी माझ्याबरोबर नेली.

तात्या गाळ्यावरच भेटले. साठीच्या पुढचा माणूस, अंगाने बारीक, चष्म्याला दोरी बांधलेली. दिगंबरची आई तो लहान असतानाच गेली होती. घरात हे दोघंच. तात्यांनी लेथ बंद केला, कापसाच्या बोळ्याने हात पुसले, ट्रंकेकडे पाहिलं, पण उघडली नाही.

"पंप चलता?" त्यांनी विचारलं.

मी दुसऱ्या कुठल्याही प्रश्नाची तयारी करून आलो होतो. "नाही तात्या. दगडाखाली फुटला."

"त्याच्याआधी बरो चललो?"

"उत्तम चालला," मी म्हणालो. हे अर्धवट खोटं होतं आणि मी ते समजून बोललो. मुलगा गेलेल्या बापाला पंपाच्या तक्रारी काय सांगायच्या, असं वाटलं.

"आता पाणी कोण आणता?"

"जवान. सकाळी चार, संध्याकाळी चार."

"त्याच वाटेन?"

"त्याच."

तात्यांनी माळ्यावर हात घातला आणि फळकुटांमागून एक लाकडी साचा काढला. दिगंबरने पहिल्या पंपासाठी केलेला. त्यावरची धूळ त्यांनी शर्टाच्या बाहीने पुसली. "रजा किती उरली?"

"अठ्ठेचाळीस दिवस."

"मगे दुसरो करूया. न्हेशीत?"

"नेईन."

भांडुपच्या एका फाउंड्रीत ओतकाम झालं. गाळ्याचे मालक संध्याकाळी सहानंतर लेथ वापरू द्यायचे. तात्या काम करत, मी पकडायला उभा राहत असे. ते फार बोलत नसत. एकदा फक्त म्हणाले, "दिगू घाईत काम करी. धार रवायची." आणि धार मोडत राहिले. धार रवायची म्हणजे लोखंडाच्या कडेला कूस राहून जायची. बावीस दिवसांत पंप उभा राहिला.

लष्करात नेण्याआधी चाचणी हवी, हे मी ठरवलं होतं. मुलुंडच्या पश्चिमेला डोंगरात एक आदिवासी पाडा आहे. त्याच्या खालून ओढा वाहतो, पावसाळा संपल्यावरही बरेच दिवस टिकतो. पाडा ओढ्यापासून पन्नास फूट वर. बायका डोक्यावर हंडे घेऊन दिवसातून चार-पाच वेळा चढायच्या. आम्ही पाईप घेऊन गेलो तेव्हा एक बाई हंडा भरत होती. नाव जानकीबाई, वय पस्तिशीचं.

"आमच्या पाण्यात काय घालताय?" तिने विचारलं.

मी पंप समजावून सांगितला. तिने ऐकून घेतलं.

"वीज नाय, रॉकेल नाय, आन् पानी वर जाणार?"

"हो."

"मग पाइप आमच्या पिंपात सोडा. नुसतं बघायला आला असाल तर उचला हे."

तिचं म्हणणं रास्त होतं. पाईप पाड्यावरच्या पिंपात सोडला. ११२० वाजता धार पडली. पाड्यातली माणसं पिंपाभोवती जमली. जानकीबाईने पाण्यात बोट घालून पाहिलं आणि खाली वाकून ओढा जागच्या जागी आहे ना, तेही पाहिलं.

पंप चालला. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. मी रोज सकाळी सहाला ओढ्यावर हजर. ठोका बदलला नाही. मनातून मी चक्रावलो होतो. पोस्टवर असाच पंप रोज बंद पडत होता. इथे का नाही? पाण्यात फरक असेल, उंचीत असेल, असं काहीबाही मनाशी जुळवत होतो.

तात्या मात्र नाराज होते. टाकी खालच्या भागाला जिथे बोल्टने जोडली होती, तिथे गॅस्केट नीट बसलं नव्हतं. घाईत सायकलच्या ट्यूबचं रबर कापून लावलेलं. दर ठोक्याला तिथून पाण्याची बारीक पिचकारी उडायची.

"ह्या बघून माका झोप येणा नाय," ते म्हणाले. चौथ्या दिवशी त्यांनी नवं गॅस्केट आणलं, सहाही बोल्ट आवळले. एक थेंब गळेना. त्यांनी समाधानाने विडी पेटवली.

पाचव्या दिवशी सकाळी ठाण् ठाण् आवाज येत होता. आम्ही ओढ्यावर पोचेपर्यंत पंप बंद. मी टाकीचा प्लग काढला, पाणी सोडलं, प्लग लावला, पंप चालू केला. माझे हात सवयीने चालले. तात्या ते हात बघत होते, हे मला उशिरा कळलं.

सहाव्या दिवशी पुन्हा बंद. जानकीबाई रिकामा हंडा घेऊन उभीच होती.

"गळत होता तवा चालत व्हता," ती म्हणाली. "तुमी गळती काढली आन् बंद पडला. ऱ्हाऊ द्या ना गळका. आमची काय तक्रार नाय."

ती सरळ बोलली आणि हंडा भरून चढायला लागली. तात्या दगडावर बसले होते. ते उठले, पाना घेतला आणि दोन बोल्ट अर्धा आटा सैल केले. टाकी रिकामी करून पंप मी चालू केला. दर ठोक्याला पिचकारी उडाली. तात्या गुडघ्यावर बसले, चष्मा वर सरकवला आणि त्या फटीवर ओलं बोट धरलं. पिचकारी उडून गेल्यावर एक अगदी लहान आवाज यायचा. सुस्. दणक्यानंतर पाणी मागे फिरतं, तेव्हा फट थोडी हवा आत ओढून घेत होती. तेवढीच हवा टाकीला रोज लागत होती.

तात्यांनी बोट काढलं नाही. पंधरा-वीस ठोके तसेच गेले.

"राणे, थंय पण रोज बंद पडायचो?"

"हो, तात्या."

"तू म्हणलंस, उत्तम चललो."

"खोटं बोललो."

"मगे त्या दिवशी तो खाली कित्याक गेल्लो?"

"टाकी रिकामी करायला."

त्यांनी मान खाली घातली. पंप टक् टक् करत होता. पाण्याने त्यांचा लेंगा गुडघ्यापर्यंत भिजला होता.

"ता भोक मीच बुजवलंय," ते म्हणाले.

  मी त्यांच्या शेजारी पाण्यातच बसलो आणि नवव्या दिवसाची गोष्ट सांगितली. चहा, दिगंबरचा प्रश्न, माझं उत्तर. हातड्रिल टूलबॉक्समध्ये होतं, हेही सांगितलं.

"तो विचारत होता तात्या. मी नाही म्हणालो. दहा मिनिटांचं काम होतं."

 मला वाटलं ते मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"तुका धा मिन्टां होती," ते म्हणाले. "तो जाईपर्यंत माका दोन दिवस होते. तो सांगी, तात्या, मूळ पंपाक भोक आसा. मी म्हटलंय, माका शिकव नको."

 वरून जानकीबाईची हाक आली. पिंपात धार पडायला लागली होती.

तात्या उठले. लेंगा पिळला. "ऊठ," ते म्हणाले. "बोल्ट सैल ठेवन चलाचा नाय. गॅस्केट सडात. नीट भोक पाडूक व्हया."

त्याच दुपारी पंप सोडवून नाहूरला आणला. तात्यांनी दीड मिलिमीटरचं बिट लावलं. मला पकडू दिलं नाही. टाकीच्या खाली, जिथे पहिल्या पंपाला पितळी ठिपका होता तिथेच, त्यांनी भोक पाडलं. कडा घासली. पंप उचलून उजेडाकडे धरला आणि भोकातून आरपार बघितलं. मग त्यात आगपेटीची काडी तासून खोचली, सगळ्या पंपाला हिरवा रंग दिला, रंग वाळल्यावर काडी काढली.

"आता एक काम कर," ते म्हणाले. "ह्या लिवन काढ. पंप करणारो कोण ना कोण भोक बघतलो आणि बुजवतलो. माझ्यासारखो. लोकांका सांग, बुजव नकात. बापसान बुजवल्यान म्हणान झिल गेलो, असा लिव."

"आणि हवालदार नाही म्हणाला, तेही लिहितो."

"ता तुझा तू बघ," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता त्यांनी सुटे भाग पोत्यात बांधायला घेतले.

हुकूम तो हा. लिहायला मी बरीच वर्षं लावली, याची शरम वाटते.

पंप होल्डॉलमध्ये घालून मी ऑक्टोबरच्या शेवटी पोस्टवर पोचलो. या वेळी नाल्यावरची जागा बदलली, पंप कातळाच्या आडोशाला बसवला. पहिल्या दिवसापासून रजिस्टरमध्ये दर तासाला ठोके मोजून लिहायची ड्यूटी लावली. पन्नास. एकोणपन्नास. पन्नास. दुसरा दिवस गेला. तिसरा गेला. चौदाव्या दिवशी सुभेदार साहेबांनी पाऊलवाटेच्या तोंडाशी आडवा दोर बांधला आणि फॉल-इनमध्ये सांगितलं, "आज से बिना ऑर्डर कोई नीचे नहीं जायेगा." मग ते डायनॅमोकडे वळले. बॅटरी न्यायलाही कुणी उतरू नये म्हणून परबचं चक्र त्यांनी खालून काढून वर आणवलं. वर येणाऱ्या पाईपच्या धारेवर ते चालेना, ती फारच बारीक होती. तरी महिन्यातून एकदा त्याला तेल द्यायची ऑर्डर मात्र त्यांनी काढली. बॅटरीसाठी पुन्हा पेट्रोल चढवायला लागलं, त्याबद्दल कुणी कुरकुर केली नाही.

खालच्या कॅम्पमधून मी नाहूरला तार केली. "पंप चालू. भोक उघडं. राणे." तारबाबूने ती दोनदा वाचली आणि माझ्याकडे बघितलं. तशीच पाठव म्हटलं.

तिसरा पंप तात्यांनी पाड्यासाठी केला. ओढा आटला की तो चार महिने बंद असतो, पाणी आलं की चालतो. पावसाळ्यात शेवाळ, गाळ येतो आणि बारीक भोक बुजतं. म्हणून दर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तात्या सुई घेऊन डोंगर चढायचे. गोधडी शिवायची जाड सुई, टोपीच्या अस्तरात खोचलेली. भोक साफ करायचे, ओलं बोट लावून सुस् ऐकायचे आणि परत यायचे. मी पेन्शनवर आल्यावर आम्ही दोघं जायचो. ते गेल्यानंतर मी एकटा जातो. सुई माझ्याकडे आहे.

गेल्या खेपेला मी पोचलो तेव्हा ०६३० झाले होते. जानकीबाई आता थकली आहे, पण ओढ्यावर तीच होती.

"सुवी नगं काढू, दादा," ती म्हणाली. "मी कालच साफ केलं. तात्यांच्या पोराचा दिवस ना आज."

आम्ही दोघं ठोके ऐकत बसलो. ०६४० वाजता मी उभा राहिलो. नाईक दिगंबर परब, इंजिनिअर्स, राहणार नाहूर. टाकी त्याने रिकामी केली होती आणि पंप चालू करून दिला होता.